पेशी घटल्या, पेशी वाढल्या, आणि अर्बुद

दारव्हा तालुक्यातल्या एका वाचकाचा प्रश्न: डेंगीत 'पेशी कमी झाल्या' म्हणतात, कॅन्सरमध्ये 'पेशी वाढल्या'. या पेशी एकच का? आणि डॉक्टर गाठीला 'अर्बुद' म्हणतात, ते काय?

'त्याच्या पेशी वीस हजारावर आल्या ना जी!' पावसाळा लागला की दवाखान्याच्या बाकावर हेच ऐकू येतं आणि डोकं फिरतं. घटतात त्या प्लेटलेट. अस्थिमज्जेतल्या एका दांडग्या पेशीचे ते तुटून निघालेले तुकडे. त्यांत केंद्रक नाही, त्यांचं विभाजन होत नाही. प्लेटलेटच म्हणा, सगळ्यांना कळतं. कॅन्सरमध्ये वाढतात त्या खऱ्या पेशी, इंग्रजीतल्या 'सेल'. तहसिलीतली पेशी फारसी 'पेश'वरून आलेली, तिचा इथे संबंध नाही.

आता आयुर्वेदाच्या चरकांकडे या. गर्भ दुसऱ्या महिन्यात घट्ट होऊन पिंड, पेशी किंवा अर्बुद यांपैकी एका रूपाचा होतो, असं ते सांगतात. पेशी आणि अर्बुद, दोन्ही एकाच ओळीत, तेही गर्भाशयात! हे वाचल्यापासून मला 'पेशी' सोडवत नाही. काही जाणकार म्हणतात, पेशी म्हणजे मांसाचा स्नायू, 'सेल'ला हिंदीसारखं 'कोशिका' घ्या. हा सल्ला साफ चूक. कोश म्हणजे कप्पा. रॉबर्ट हूक यांना 1665 साली बुचाच्या कापात रिकामे कप्पे दिसले, म्हणजे मेलेल्या पेशींच्या नुसत्या भिंती. त्या गैरसमजाचं नाव आपण कशाला वागवायचं? कप्पा कधी दुभागतो का? दुभागतं ते जिवंत मांस: 46 गुणसूत्रांची आधी प्रत निघते, बारीक तंतू दोन्ही टोकांना सारखा वाटा ओढतात, मग पेशी मधोमध आवळत जाऊन दोन होतात. 'थांब' सांगणारी जनुकं बिघडली की हे थांबतच नाही. खर्र्यातली तंबाखू आणि सुपारी गालाच्या आतल्या पेशींत हाच बिघाड घडवतात.

अर्बुद हा आकडाही आहे. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त अर्बुद म्हणजे दहा कोटी. कोशकार आकडा आणि गाठ असे दोन अर्थ शेजारी मांडून मोकळे होतात. माझ्या मते मूळ कल्पना एकच: फुगत, वाढत जाणं. एका पेशीपासून 27 वेळा दुप्पट करा, तेरा कोटींच्या वर जाता. हाताला जेमतेम लागणाऱ्या गाठीत साधारण एवढ्या किंवा याच्या काही पट पेशी असतात. प्राचीनांनी पेशी मोजल्या होत्या असं मी म्हणत नाही. पण शब्द किती चपखल बसला!

सुश्रुतांनी ग्रंथी आणि अर्बुद एकाच अध्यायात, पण वेगवेगळे सांगितले आहेत. अर्बुद गोल, घट्ट, खोल मुळाचं, सावकाश वाढणारं, न पिकणारं आणि फारसं न दुखणारं. आपल्याकडे दोन्हींना 'गाठ'च म्हणतात, आणि दुखत नाही तोवर कोणी दाखवायला जात नाही. न दुखणं तर अर्बुदाच्या लक्षणांतच लिहिलं आहे.