बुंध्याशी सिमेंट नको : उद्यानांविषयी वाचकांचे प्रश्न

शहरातली बाग हे आपलंच अंगण आहे, असं मानून लिहिलेली पत्रं या वेळी पणजी, म्हापसा, मडगाव, वास्को आणि फोंड्याहून आली. पावसाळा तोंडावर आहे, म्हणून ज्या कामांची वेळ आत्ताच आहे त्यांना जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : आम्ही काही शेजारी रोज सकाळी गार्सिया द ऑर्त उद्यानात नाहीतर कांपालला फिरतो. ओळखीपाळखी इथेच झाल्या, मैत्री इथेच जमली. या बागांसाठी आपणही काही करावं असं सगळ्यांना वाटतं. थोडी वर्गणीही जमेल. बाकडी रंगवून घ्यावीत की नवी झाडं लावावीत? – एक वाचक, पणजी

उत्तर : दोन्ही नंतर. आधी उभ्या असलेल्या झाडांच्या बुंध्यांकडे बघा. तुमचं ते उद्यान १८५५ सालचं. ज्याच्या नावाने ते ओळखलं जातं तो वैद्य सोळाव्या शतकात गोव्यात राहिला आणि इथल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. अशा जुन्या बागेत एक मोठं झाड वाचवणं हे दहा रोपं लावण्यापेक्षा मोलाचं आहे, कारण ती सावली पुन्हा मिळायला पन्नास वर्षं लागतात.

गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे एक चौरस मीटर उघड्या मातीवर तीन हजार लिटर पाणी. तिथेच पेव्हर किंवा काँक्रीट घातलं की यातलं बरंचसं गटारात जातं आणि झाड फेब्रुवारीपासून तहानलेलं राहतं. हवेचा प्रश्न तर त्याहून मोठा. पाणी शोषणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या दीड-दोन फुटांत असतात आणि त्यांनाही श्वास घ्यावा लागतो. माती दाबली, वर सिमेंट ओतलं की ती मरतात. वरून पानं हिरवी दिसतात, खाली पकड सुटत जाते. मग जूनमध्ये माती चिंब झाली आणि जोराचा वारा आला की झाड लाद्यांसकट उलटतं. झाड जुनं होतं म्हणून पडलं, असं लोक म्हणतात. पण कित्येकदा कारण त्या लाद्यांखाली असतं.

दुसरं कारण म्हणजे पदपथ किंवा केबलसाठी एका बाजूची मुळं सरळ रेषेत तोडणं. वाऱ्याच्या बाजूची मुळं गेली तर झाडाला धरून ठेवणारं काही उरत नाही.

काम असं करा. मे महिन्यात प्रत्येक झाडाभोवती निदान एक मीटर बाय एक मीटर जागा उघडी करून घ्या. मोठ्या वडाला किंवा शिरीषाला जितकी जास्त देता येईल तितकी द्या. लाद्या हाताने, पहारीने काढायच्या, यंत्र नको. मुळं लाद्या उचलत असतील तर मूळ न तासता लादी काढून टाका, तिथे बारीक खडी पसरा आणि वाट थोडी वळवा. मनगटाएवढं जाड मूळ बुंध्याजवळ कधीच तोडू नका. घट्ट झालेली माती बागकामाच्या काट्याने वरवर, बोटभर खोल मोकळी करा, त्यावर दोन बोटं शेणखत किंवा पानांचं खत आणि त्यावर तीन बोटं सुकी पानं. हे आच्छादन बुंध्यापासून वीतभर दूर ठेवा, नाहीतर साल ओली राहून कुजते. बुंध्याभोवती गोल पार बांधून आत दीड फूट माती भरण्याची हौस अनेकांना असते. ती माती मूळ गुदमरवते आणि खोडही कुजवते. पार हवाच असेल तर बाहेरून, मूळ जमिनीची पातळी न बदलता.

परवानगीशिवाय कुदळ लावू नका. बाग आणि झाडं स्थानिक संस्थेची असतात. पणजीत महापालिकेच्या आयुक्तांना, इतर शहरांत नगरपालिकेच्या मुख्याधिकाऱ्यांना अर्ज द्या आणि पोचपावतीचा शिक्का घेतलेली प्रत जपून ठेवा. अर्जासोबत हाताने काढलेला नकाशा, त्यावर झाडांना क्रमांक, प्रत्येक झाडाचा फोटो आणि कामाच्या तारखा जोडा. जमिनीखालून वीज आणि पाण्याच्या लाइनी कुठून जातात तेही लेखी विचारा. एखादं झाड खरंच धोक्याचं वाटलं तरी ते तोडायला १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार वन खात्यातल्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. उत्तरच आलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. ३० दिवसांत माहिती देणं बंधनकारक आहे.

वर्गणी उरली तर बाकडी जरूर रंगवा.

प्रश्न : आमच्या बागेतला पालापाचोळा रोज कोपऱ्यात जाळतात. धुराने फिरणं नको होतं. झाडणाऱ्या बाईंशी भांडायचं नाही, त्यांच्याकडे दुसरा उपाय नाही. काय करावं? – वाचक, म्हापसा

उत्तर : भांडायचं नाही हे योग्यच. कचरा उघड्यावर जाळायला घनकचरा व्यवस्थापन नियमांत मनाई आहे, पण नियम दाखवून पाला नाहीसा होत नाही. त्याला जागा द्या.

कोंबडीच्या खुराड्याला वापरतात ती जाळी घेऊन एक मीटर व्यासाचा, एक मीटर उंचीचा गोल पिंजरा करा. तो मातीवरच ठेवा, काँक्रीटवर नको, कारण गांडुळं खालून येतात. तळाला काटक्यांचा वीतभर थर. मग तीन भाग सुका पाला आणि एक भाग ओला हिरवा माल, म्हणजे कापलेलं गवत किंवा ताजी पानं, असे थर. गवत नसेल तेव्हा दहा लिटर पाण्यात किलोभर शेण कालवून प्रत्येक थरावर शिंपडा. मूठभर माल पिळला तर एखाद-दुसरा थेंब यावा, इतकीच ओल हवी. दर पंधरा दिवसांनी वरखाली करा. तीन ते पाच महिन्यांत काळं, मातीच्या वासाचं खत मिळतं.

ढीग महिनाभर तसाच पडून राहिला आणि त्यात मुंग्या झाल्या, तर तो कोरडा आहे. कुजका वास आला तर पाणी किंवा हिरवा माल जास्त झालाय. सुका पाला मिसळून हलवा. आंबा, फणस आणि बदामाची पानं जाड, ती अख्खी टाकली तर एकमेकांना चिकटून वर्षभर तशीच राहतात. आधी कोयत्याने बारीक करा. नारळाच्या झावळ्या आणि पोय (फुलोऱ्याचं कडक आवरण) यात टाकूच नका. गोव्यातल्या पावसात उघडा ढीग धुऊन जातो, त्यामुळे जूनआधी वर उतरतं पत्र्याचं किंवा विणलेल्या झावळ्यांचं छप्पर हवं.

एका पिंजऱ्याने भागत नाही. एक भरत असताना दुसरा मुरत असतो, म्हणून निदान तीन करा. झाडणाऱ्या बाईंच्या वाटेवर, त्यांना विचारून जागा ठरवा. पिंजरा दूर असेल तर पाला पुन्हा कोपऱ्यातच जाईल.

प्रश्न : आमच्या वाड्याजवळच्या मोकळ्या जागेत पालिकेने झाडं लावायला होकार दिला आहे. जमीन चिऱ्याची (जांभ्या दगडाची) आहे. मागच्या वेळची बरीच रोपं मेली. कोणती झाडं लावावीत आणि कशी? – वाचक, मडगाव

उत्तर : चिऱ्याच्या जमिनीत रोपं दोन प्रकारे मरतात. पावसाळ्यात खड्ड्याला कठीण तळ लागून पाणी साचतं आणि मूळ कुजतं. जगलेलं रोप मार्च-एप्रिलमध्ये पाण्याविना जातं.

खड्डा दोन फूट लांब, रुंद, खोल. तो आत्ताच घ्या आणि उन्हात तापू द्या. मग त्यात दोन बादल्या पाणी ओतून बघा. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसलं तर पहारीने तळ फोडा, नाहीतर जागा बदला. भरताना दोन भाग वरची चांगली माती, एक भाग मुरलेलं खत आणि वाळवीसाठी दोन मुठी निंबोळी पेंड. भरलेली माती पावसात खाली बसते, म्हणून ती जमिनीपेक्षा चार बोटं उंच ठेवा. मृगाचा पाऊस नीट स्थिरावला की लावा. चतुर्थीनंतर लावलेल्या रोपाला मुळं धरायला पाऊसच उरत नाही.

पिशवी पूर्ण काढायची, नुसती फाडायची नाही. तळाशी गोल फिरलेली मुळं असतील तर ती कापा. तशीच ठेवली तर काही वर्षांनी तीच खोडाला फास लावतात. रोप पिशवीत होतं त्याच पातळीला ठेवा. पावसाळी वारा नैऋत्येकडून येतो, म्हणून आधाराची काठी त्या बाजूला ठोका आणि काथ्याने आठ आकड्याच्या वेढ्यात, सैल बांधा. दुसऱ्या वर्षी काठी काढून टाका. नोव्हेंबर ते मे, पहिली दोन वर्षं, आठवड्यातून दोनदा १५ लिटर पाणी. रोज तांब्याभर घातलं तर मुळं वरच राहतात. प्रत्येक रोपाला एक घर नेमून द्या, नाव लिहा. गावाला जाताना कोण पाणी घालेल तेही लिहून ठेवा, कारण बहुतेक रोपं मे महिन्याच्या सुट्टीत जातात.

झाडं निवडताना बकुळ पहिली. वाढ सावकाश, पण सावली दाट, वाऱ्याला चिवट आणि ओवळं (बकुळीची फुलं) वेचायला सगळा वाडा येतो. नागचाफा आणि सुरंगीही सावकाश वाढतात, पण लावाच. करंज आणि उंडी खाऱ्या वाऱ्यालाही टिकतात. मोकळ्या कडेला माट (ऐन) आणि एक आंबाडा. चतुर्थीला गणपतीच्या वर बांधतात त्या माटोळीला फळं घरच्या घरी मिळतील. आंबाड्याचं लाकूड मऊ, फांद्या मोडतात, म्हणून तो बाकड्यांपासून आणि खेळापासून लांब. जांभूळही वाटेवर नको, मे महिन्यात पाय घसरतात. गुलमोहर लवकर वाढतो, फुलतो सुंदर, पण मुळं उथळ. मुलांच्या खेळाच्या जागेजवळ तो आम्ही सुचवणार नाही. दोन झाडांत निदान सहा मीटर अंतर ठेवा.

प्रश्न : बागेतले झोपाळे दरवर्षी गंजतात. रंग लावला तरी टिकत नाही. मुलांना सोडायला भीती वाटते. – एक आई, वास्को

उत्तर : खारी हवा आहे, गंज येणारच. पण झोपाळा मोडतो तो बहुधा दोनच जागी. एक, जिथे खांब सिमेंटात शिरतो तिथे. तिथली सिमेंटची कडा खोलगट असेल तर पाणी साचतं. ती खांबाकडून बाहेर उतरती करून घ्यायला सांगा. दोन, साखळी जिथे वर आडव्या नळीला अडकते ती कडी. ती घासून मूळ जाडीच्या तीन चतुर्थांश उरली की बदलायची, गंज दिसो न दिसो. स्क्रूड्रायव्हरने खांबाच्या तळाशी ठोकून बघा. भद्द आवाज आला किंवा टोक आत गेलं तर त्या दिवसापासून झोपाळा बांधून ठेवा आणि लेखी कळवा.

रंग पावसाळ्याच्या तोंडावर देतात म्हणून टिकत नाही. डिसेंबर-जानेवारीत, तारेच्या ब्रशने गंज पूर्ण खरवडून, झिंक प्रायमरचा एक आणि एनॅमलचे दोन हात द्यावेत. झोपाळ्याखाली पेव्हर असतील तर रंगाआधी ते काढायला लावा. तिथे फूटभर खोल वाळू हवी, आणि ती दर महिन्याला ओढून सारखी करावी लागते, कारण पायांनी नेमकी मधलीच वाळू बाजूला जाते.

प्रश्न : संध्याकाळी बागेत फुटबॉल खेळणारी मुलं आणि ज्येष्ठ यांच्यात रोज खटके उडतात. दोन्ही बाजू आमच्याच. – वाचक, फोंडा

उत्तर : फलक लावण्याआधी आठवडाभर दर तासाला कोण कुठे असतं ते मोजा. वाद बहुधा पाच ते सात या दोन तासांचाच असतो आणि जागा एखाद्याच कोपऱ्याची. गोल अशा दिशेला ठेवा की चेंडू बाकड्यांकडे न जाता भिंतीकडे जाईल. ज्येष्ठांची बाकडी वाटेकडे तोंड करून, पाठ आणि हात असलेली, साधारण दीड फूट उंच असावीत. त्याहून खाली बसलं की गुडघ्यांना उठवत नाही. मुलांना खेळायला दुसरी जागा नसेल तर बंदी घालू नये, हे आमचं स्पष्ट मत आहे. ती बागेतून गेली की काही वर्षांनी बागेची बाजू घ्यायला कुणी उरत नाही.

बैठक बागेतच घ्या. तिला माळी, राखणदार आणि मुलांचे दोन प्रतिनिधी हवेतच. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला कायद्यानेच मनाई आहे. पहाटेच्या व्यायामवर्गालाही ती लागू होते. अंधाराची तक्रार असेल तर नवे दिवे मागण्याआधी जुन्या दिव्यांपुढे आलेल्या फांद्या छाटून घ्या.

प्रश्न : पावसात चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ येतं. ब्लीचिंग पावडर टाकावी का? – वाचक, आल्तिनो, पणजी

उत्तर : नको. ती धुऊन मुळांशी जाते आणि शेवाळ महिन्याभरात परत येतं. पावसाने उघडीप दिली की कडक ब्रशने घासा, वरची एखादी फांदी काढून ऊन येऊ द्या आणि पायरीवर पाणी कुठून झिरपतं ते शोधा. वरच्या बाजूला वीतभर रुंद चर खणून पाणी कडेने वळवलं की बराच फरक पडतो. तोवर उतरत्या बाजूला लोखंडी कठडा मागून घ्या.