आधी स्वतःच्या नळाची मोटर काढा

पत्र असं आहे: 'ताई, माझं वय ४७. जळगाव जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेच्या गावात राहते. गल्लीत पाच दिवसांआड पाणी येतं, तेही गढूळ. मोटर लावूनही पहिले दोन हंडे फेकावेच लागतात. वर्षभर एकटीच नगरपरिषदेत चकरा मारतेय. नगरसेवकाला चार माणसांत बोलले, ग्रुपवर व्हिडिओ टाकला. आमचं किराणा दुकान, म्हणून हे घाबरतात. जेठ म्हणतात घराची अब्रू घालवली. शेजारच्या आजी तोंडावर विचारतात, "तुले काय करनं शे?" घाण पाणी आलं की बायका माझ्याकडे येतात, सहीला मात्र कुणी येत नाही. सोडून देऊ का?'

ताई, सोडू नका. पण आजवरची रीत सोडा.

तुमच्या पत्रातले दोन शब्द खटकले: 'मोटर लावूनही'. घरजोडणीचे पाइप बऱ्याच गल्ल्यांत गटारीतूनच गेलेले असतात. लोखंडी पाइप गंजतो, सॉकेट ढिलं होतं, भोक पडतं. लाइनीत दाब असला की त्या भोकातून पाणी बाहेर जातं. दाब नसला आणि वर चार घरांनी नळाला थेट मोटर लावून ओढलं, की त्याच भोकातून गटार आत येते. तुमचे ते दोन हंडे तिथूनच भरतात. शिवाय तुमचा अर्ज घेऊन पाहणीला आलेला माणूस पहिल्यांदा तुमची मोटर बघेल आणि विषय तिथेच संपवेल. तेव्हा नळाचं पाणी आधी खालच्या हौदात पडू द्या, मोटर हौदाला लावा. पाणीपट्टी-घरपट्टी भरून पावत्या जवळ ठेवा. दुकानाचा ओटा गटारीवर आलाय का तेही बघा. आला असेल, तर मिस्टरांची भीती बहुधा तिथेच आहे आणि ती काही खोटी नाही.

मग पाण्याच्या दिवशी खडू घेऊन गटारीकडेने चाला. पाणी सुटल्यावरच्या पहिल्या पंधरा मिनिटांत लाइनीतली हवा बाहेर पडते. गटारीत जिथे बुडबुडे येतात, तिथे पाइप फुटलाय. समोरच्या भिंतीवर खूण करा, घर क्रमांक वहीत लिहा. पाणी सोडणाऱ्या माणसाशी वाकडं घेऊ नका. कुठला वॉल्व्ह गळतो हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नसतं. ओटी टेस्टचं, म्हणजे पाण्यातलं क्लोरीन तपासायचं द्रावण मिळालं तर टाकीजवळच्या पहिल्या नळाचं आणि तुमच्या नळाचं पाणी तपासा. पिवळा रंग आला म्हणजे क्लोरीन आहे. शेवटच्या नळालाही लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम हवं. तिकडे पिवळं आणि तुमच्याकडे पांढरं, म्हणजे दोष मधल्या लाइनीत. दोन्हीकडे पांढरं, तर टाकीवरच ब्लीचिंग पावडर पडत नाही. अर्ज कशाबद्दल करायचा ते इथे ठरतं. तोवर पिण्याचं पाणी उकळूनच घ्या.

अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावे, दोन प्रतींत, विषय एकच. 'पाणी घाण येतं' एवढंच लिहिलंत तर उत्तर 'कार्यवाही सुरू आहे' असंच येणार. 'अमुक घर ते तमुक घर, साधारण २० फूट, तीन ठिकाणी गळती' असं लिहा. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. तोंडी सांगितलेल्याचा पुरावा राहत नाही, वैर तेवढं राहतं.

दाद लागली नाही तर माहिती अधिकार आहे. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, मजकूर १५० शब्दांच्या आत. 'का केलं नाही' असं विचारू नका. मागच्या सहा महिन्यांच्या पाणी तपासणी अहवालांच्या प्रती मागा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील.

एक कडू गोष्ट मात्र आधीच सांगते. मुख्य वाहिनीपासून घरापर्यंतचा पाइप बदलायचा खर्च बहुतेक ठिकाणी नळधारकाचाच असतो. म्हणजे बायकांना नुसती सही मागून भागणार नाही, वर्गणीचंही बोलावं लागेल. ते अंगणात बसून, आकडा समोर ठेवून बोला. प्लंबरकडून गटारीच्या वरून पाइप न्यायचा अंदाज आधी घ्या.

बायका सही का टाळतात? वरती तुमचं एकटीचं नाव असतं आणि भांडण तुमचं नि नगरसेवकाचं दिसतं. तो व्हिडिओ काढून टाका. अर्जावर 'गल्लीतील रहिवासी' लिहा, सह्या गोल फिरवून घ्या, म्हणजे पहिली कुणाची ते कळत नाही. तक्रारीला घर बाईच्या नावावर असावं लागत नाही, हेही त्यांना सांगा.

मिस्टरांशी एवढंच ठरवा: दुकानाच्या गल्ल्यावर हा विषय निघणार नाही, आणि कागद जाण्याआधी ते वाचतील. जेठांना वर्गणीचा हिशोब ठेवायला सांगून बघा. हिशोब हाती असलेला माणूस टोमणे कमी मारतो.

आणि आजींकडे आधी जा. सही येत नसेल तर अंगठा चालतो.