छोट्याशा गावात उन्हाळ्याच्या संध्याकाळी गावातल्याच गायक-वादकांच्या मैफली भरवायच्या आहेत, सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: गाव लहान, गाणारे-वाजवणारे हौशी लोक बरेच, पण सभागृह नाही आणि साउंड सिस्टिमला पैसेही नाहीत. मग उघड्यावर मैफल केली तर आवाज पोचेल का, आणि रोजच्याच ओळखीच्या माणसांना ऐकायला लोक येतील का?

दोन्ही प्रश्नांना माझं उत्तर 'हो' आहे. मी स्वतः हौशी व्हायोलिनवादक आहे. अशा मैफलींत वाजवण्यापासून सतरंज्या झटकण्यापर्यंत सगळी कामं केली आहेत आणि अजूनही करते. माझं एकच सांगणं आहे: मोठ्या कार्यक्रमाची छोटी नक्कल करायला जाऊ नका. उंच स्टेज, लांबवर पसरलेल्या खुर्च्या, कर्णे हे सगळं हजारो लोकांसाठी असतं. तुमच्याकडे शंभर माणसं येणार असतील, तर आवाज वाढवायच्या आधी माणसं जवळ आणा.

यामागे साधं गणित आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलने उतरतो. वादकापासून 2 मीटरवर बसलेल्याला जे ऐकू येतं, त्यापेक्षा 16 मीटरवर बसलेल्याला 18 डेसिबल कमी मिळतं. साधारण 10 डेसिबल उतरले की आवाज कानाला निम्मा वाटतो, म्हणजे मागच्या माणसाच्या वाट्याला पाव हिश्श्याहून जरा जास्त एवढाच आवाज येतो. बंद खोलीत भिंती आणि छत आवाज परत पाठवतात, म्हणून तिथे हा फरक एवढा जाणवत नाही. आता याच शंभर माणसांना सरळ ओळींत न बसवता अर्धवर्तुळात बसवा. पहिली ओळ वादकांपासून 3 मीटरवर ठेवली, तर पाच ओळींत सगळे मावतात आणि शेवटचा माणूस 7 मीटरच्या आत राहतो. दहा-दहाच्या सरळ ओळी केल्या तर तोच माणूस 11 मीटरच्या पलीकडे जातो. एक रुपया खर्च न करता झालेली ही सुधारणा आहे, आणि तरी बहुतेक ठिकाणी खुर्च्या सरळ ओळींतच लावतात!

जागा निवडताना वादकांच्या पाठीशी भिंत हवी. दगडी, विटांची, कुठलीही टणक भिंत चालेल. मागे वाया जाणारा आवाज ती पुढे पाठवते आणि तीनेक डेसिबलची भर पडते. श्रोते बसतात ती जागा मागे किंचित चढती असेल तर फारच छान, कारण समोर बसलेल्यांची अंगं आणि कपडे आवाज शोषून घेतात आणि चढामुळे मागच्याला तो थेट मिळतो. ग्रीसमधलं एपिडॉरसचं उघडं नाट्यगृह इसवी सनपूर्व चौथ्या शतकातलं आहे. हजारो प्रेक्षकांपर्यंत तिथे विनाकर्णा आवाज जातो, त्यात या चढाचा मोठा वाटा आहे. तुम्हाला डोंगर कोरायचा नाही, साधा उताराचा तुकडा पुरतो.

वेळ मात्र सूर्य मावळल्यानंतरचीच ठेवा. उकाडा कमी होतो हे तर आहेच, पण आवाजासाठीही ती वेळ चांगली असते. दिवसा जमीन तापलेली असते, जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गरम असते आणि त्यामुळे आवाज वाकून वर निघून जातो. संध्याकाळी जमीन निवली की उलटं होतं, आवाज खाली वाकतो आणि लांबपर्यंत स्वच्छ ऐकू येतो. वाऱ्याचंही तसंच आहे. वारा वादकांकडून श्रोत्यांकडे वाहत असेल तर आवाज पोचतो, उलटा असेल तर उडतो. म्हणून जागा पक्की करायच्या आधी, ज्या वेळी मैफल करणार त्याच वेळी तिथे जा. एकाने गावं किंवा वाजवावं आणि दुसऱ्याने चारी दिशांना चालत जाऊन ऐकावं. कागदावर आखलेली जागा अशा वेळी हमखास दहा-बारा पावलं सरकते.

आता सुरांबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण उन्हाळ्यात हौशी वादक सगळ्यात जास्त इथे गोंधळतात आणि स्वतःला दोष देतात. बासरीचा सूर तिच्यातल्या हवेतल्या आवाजाच्या वेगावर ठरतो. 20 अंश सेल्सिअसला हा वेग सेकंदाला सुमारे 343 मीटर असतो आणि 35 अंशाला सुमारे 352. एवढ्या फरकाने बासरीचा सूर अडीच टक्क्यांनी चढू शकतो. पेटीवरच्या काळी एक आणि पांढरी दोन या शेजारच्या सुरांत जे अंतर असतं, त्याच्या निम्म्याच्या जवळ हे जातं. प्रत्यक्षात वादकाच्या फुंकरीने बासरी आतून आधीच थोडी गरम झालेली असते, त्यामुळे फरक काहीसा कमी पडतो, पण कानाला खटकण्याइतका उरतोच. शेजारी पेटी असेल तर तिच्या धातूच्या पट्ट्या उष्णतेने किंचित उतरतात. म्हणजे बासरी वर आणि पेटी खाली! व्हायोलिन, गिटारच्या तारा गरम झाल्या की सैल पडून उतरतात. तबल्याची पुडी कोरड्या उन्हात ताणली जाते आणि दमट हवेत ढिली पडते. दुपारी घरात जुळवलेली वाद्यं संध्याकाळी उघड्यावर एकमेकांशी जुळत नाहीत, त्यात कुणाची चूक नसते. उपाय एवढाच, की सगळी वाद्यं कार्यक्रमाच्या अर्धा-पाऊण तास आधी त्याच हवेत, सावलीत ठेवायची आणि मग जुळवायची. बरोबर पेटी असेल तर बाकीच्यांनी पेटीला जुळवून घ्यायचं, कारण ऐन वेळी फक्त पेटीलाच जुळवता येत नाही. आणि व्हायोलिन उन्हात उभ्या गाडीत कधीही ठेवू नका. त्याचे सांधे ज्या सरसाने चिकटवलेले असतात, तो उष्णतेने सुटतो.

गायकांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवा. उघड्यावर स्वतःचा आवाज परत ऐकू येत नाही, त्यामुळे आपण कमी पडतोय असं वाटून माणूस ताणून गायला लागतो आणि तिसऱ्या गाण्याला घसा बसतो. पाठीमागची भिंत इथेही मदत करते. तरीही गरज पडली तर एक माइक आणि एक जोडी स्पीकर पुरे. स्पीकर माइकच्या पुढे, डोक्याहून उंच आणि श्रोत्यांकडे तोंड करून ठेवा, म्हणजे शिट्टी येत नाही. दिवे पांढऱ्याऐवजी पिवळसर लावा आणि वादकांच्या डोक्यावर न टांगता बाजूला ठेवा, कारण पांढऱ्या-निळसर उजेडाकडे किडे जास्त येतात आणि गाताना तोंड उघडं असतं.

लोक येतील का, याचं उत्तर कार्यक्रमाच्या आखणीत आहे. गावात दोन-तीन तयार कलाकार असतात आणि पंधरा-वीस शिकणारे. सहसा शिकणाऱ्यांना आधी उरकून घेतात आणि मग 'खरा' कार्यक्रम सुरू होतो. मला ही पद्धत अजिबात पटत नाही. मुलांचं झालं की त्यांचे घरचे उठतात, आणि मुलांनाही आपण भरतीचे होतो हे कळतं. तयार आणि शिकाऊ यांना एकाच रचनेत एकत्र बसवा. बेंजामिन ब्रिटन या इंग्रज संगीतकाराने ऑल्डबरा या आपल्या लहानशा गावात 1948 मध्ये संगीत महोत्सव सुरू केला. 1958 मध्ये त्याने तिथल्या मुलांसाठी एक ऑपेरा लिहिला आणि तो जवळच्या ऑरफर्डच्या चर्चमध्ये झाला. त्यात अनुभवी वादकांबरोबर नवशिकी मुलं बसली होती. व्हायोलिनवर नुकता हात बसलेल्यांसाठी बहुतेक मोकळ्या ताराच, म्हणजे बोट न दाबता, वाजवायच्या, असा वेगळा भाग लिहिलेला होता. ज्यांना कुठलंच वाद्य येत नव्हतं, त्यांच्यासाठी दोरीवर टांगलेले चहाचे मग होते, लाकडी चमच्याने वाजवायला. मधल्या काही प्रार्थना प्रेक्षकांनी उभं राहून म्हणायच्या होत्या. प्रत्येकाला झेपेल एवढंच काम होतं, पण ते काढून टाकलं तर रचना अपुरी राहिली असती. तुम्हाला ऑपेरा लिहायचा नाही, पण हे तत्त्व जसंच्या तसं उचलता येतं. एखादी मुलगी फक्त षड्ज-पंचम धरू शकत असेल, तर तिला तानपुऱ्यासारखा आधार द्यायला बसवा आणि तिच्यावर तयार गायकाला गाऊ द्या. मी असं शेजारी बसून पाहिलंय. त्या मुलीची नजर पूर्ण वेळ गायकाच्या श्वासावर असते, आणि तिच्या घरचे शेवटपर्यंत जागचे हलत नाहीत.

गाव लहान आहे याची काळजी करू नका. फिनलंडमधलं काउस्टिनेन हे जेमतेम 4,000 वस्तीचं गाव आहे. तिथे 1968 पासून दर उन्हाळ्यात लोकसंगीताचा महोत्सव भरतो आणि घरोघरच्या व्हायोलिनवादनाची तिथली परंपरा 2021 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. अमेरिकेत आयोवा राज्याने 1921 मध्ये कायदाच केला, की मतदारांची संमती असेल तर छोट्या गावांना आपल्या बँडसाठी थोडासा कर लावता येईल. पुढे इतर काही राज्यांनीही तसे कायदे केले. उन्हाळ्याच्या संध्याकाळी चौकात गावचा बँड वाजणं ही तिथे रस्ता-दिव्यांसारखी सार्वजनिक सोय मानली गेली. मला ही कल्पना फार आवडते, कारण तिच्यात कलाकाराने उपकार म्हणून वाजवायचं नसतं आणि लोकांनीही उपकार म्हणून ऐकायचं नसतं.

पैशांच्या बाबतीत एकच नियम पाळा: देणार असाल तर सगळ्यांना सारखं द्या, नाहीतर कुणालाच नको. लहान गावात एकाला पाकीट आणि दुसऱ्याला फूल दिलं, तर पुढच्या वर्षी दुसरा येत नाही. ऐच्छिक देणगीची पेटी ठेवलीत तर जमलेली रक्कम त्याच संध्याकाळी मोजून सगळ्यांसमोर सांगा. सार्वजनिक जागा आणि आवाजाची मर्यादा यांची परवानगी लेखी घ्या. चालू काळातली गाणी घेणार असाल तर सादरीकरणाचा परवाना लागतो का ते विचारून घ्या. पारंपरिक रचना घेतल्यात तर हा प्रश्न सहसा येत नाही.

शेवटचं म्हणजे दिवस ठरवणं. शेतीची कामं कधी आटोपतात ते आधी विचारा आणि मग आठवड्याचा एकच वार, एकच वेळ, एकच जागा धरून ठेवा. कार्यक्रम तासा-सव्वा तासापेक्षा लांबवू नका. पावसाची भीती असेल तर जवळची एखादी छत असलेली रिकामी जागा आधीच मागून ठेवा, आणि 'पाऊस आला तर तिथे' हे पहिल्याच पत्रकावर छापा. पहिल्या मैफलीला वीस माणसं आली तरी चालेल, पण ती उठायच्या आत पुढच्या तीन मैफलींच्या तारखा आणि त्यात कोण गाणार-वाजवणार त्यांची नावं सांगून टाका. ज्यांची नावं तुम्ही घ्याल, ते दुसऱ्या दिवसापासून तालमीला लागतील आणि आपापल्या घरच्यांना, शेजाऱ्यांना स्वतःच सांगतील.