मार्कर मागवण्याआधी

प्रिय डॉक्टर,

उन्हाने रापलेल्या डोक्यावरची गाठ, सत्तरीपुढचा रुग्ण, स्लाइडभर स्पिंडल (चातीसारख्या लांबट) पेशी. एचएमबी-४५ आणि मेलन-ए हे मार्कर (पेशींतली ठरावीक प्रथिनं रंगवून दाखवणाऱ्या तपासण्या) निगेटिव्ह आले, तर मेलॅनोमा (रंगपेशींचा कर्करोग) नाही असं लिहू का, हा तुझा प्रश्न.

लिहू नकोस. डेस्मोप्लास्टिक (दाट तंतुमय) मेलॅनोमात हे दोन्ही बऱ्याचदा निगेटिव्हच येतात. तिथे एस-१०० आणि सॉक्स-१० बघायचे. आणि एस-१०० निगेटिव्ह मानण्याआधी त्याच सेक्शनमधला (टिश्यूच्या पातळ कापातला) एखादा बारीक मज्जातंतू शोध. त्यानेही रंग घेतला नसेल, तर त्या निगेटिव्हला काडीचीही किंमत नाही.

मुळात एच अँड ई (नेहमीच्या रंगाची स्लाइड) नीट बघून, मनात कोणकोणत्या शंका आहेत ते ठरवून मगच पॅनेल (मार्करचा संच) मागवावं. इथे शंका चार. स्क्वॅमस कार्सिनोमासाठी (त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशींचा कर्करोग) पी-४० आणि सीके-५/६, मेलॅनोमासाठी वरचे एस-१०० आणि सॉक्स-१०, लायोमायोसार्कोमासाठी (गुळगुळीत स्नायूंचा कर्करोग) डेस्मिन आणि एसएमए. हे सगळं नाकारलं गेल्यावरच चौथ्या शंकेचं, एटिपिकल फायब्रोझँथोमा या त्वचेतल्या गाठीचं, नाव घ्यायचं. सीडी-१० पॉझिटिव्ह आला म्हणून लगेच तिकडे वळू नकोस, तो बाकीच्यांतही येतो.

बेसल सेल कार्सिनोमा की स्क्वॅमस, एवढाच प्रश्न असेल तर बेर-ईपी-४ आणि ईएमए बहुधा पुरतात. मर्केल सेल या त्वचेच्या कर्करोगात मात्र रंग आला का, याइतकंच तो कुठे आला हेही बघ. सीके-२० केंद्रकाशेजारी ठिपक्यासारखा दिसतो आणि टीटीएफ-१ सहसा निगेटिव्ह असतो. फुफ्फुसातल्या स्मॉल सेल कर्करोगाचं चित्र साधारण याच्या उलट.

आपल्याकडे तळपायाचे मेलॅनोमा येतात, काळेभोर. डॅबचा (मार्कर दाखवणाऱ्या नेहमीच्या रंगाचा) तपकिरी आणि मेलॅनिनचा (त्वचेतल्या रंगद्रव्याचा) तपकिरी तिथे इतके एकजीव होतात की अनुभवी डोळाही चकतो. अशा वेळी डॅबऐवजी लाल क्रोमोजेन (मार्कर दाखवणारा रंग) माग. तो नसेल तर पार्श्वभूमीच्या रंगासाठी हिमॅटॉक्सिलिनऐवजी गिम्सा करून घे, मेलॅनिन हिरवट दिसतं आणि खरा डॅब तपकिरीच राहतो. न विसरता निगेटिव्ह कंट्रोल (मार्करची अँटिबॉडी न घातलेली स्लाइड) शेजारी ठेवून बघ.

तुझी पंच बायॉप्सी लहान आहे. ब्लॉक (मेणात बसवलेला टिश्यू) पुन्हा पुन्हा मायक्रोटोमवर (काप घेणाऱ्या यंत्रावर) चढला की दर वेळी ट्रिमिंगमध्ये टिश्यू वाया जातो. म्हणून सॉक्स-१०, पी-४० आणि डेस्मिनसाठी लागणारे कोरे सेक्शन उद्या एकाच बैठकीत कापून घे, दोन-तीन जास्तीचेही. तोवर रिपोर्ट रोखून धर आणि सर्जनना स्वतः फोन करून कारण सांग.

तुझे सर