सकर मासा उपाशी तर नाही?

प्रश्न : आमची टाकी ६० लिटरची आहे. काचेवर शेवाळ धरलं म्हणून सकर मासा आणला. आधी त्याने काच चकचकीत केली, आता मात्र दिवसभर फिल्टरमागे दडून असतो. काचेवर हिरवे ठिपके पुन्हा दिसू लागलेत. ‘खायला घातलंत तर शेवाळ खाणार नाही’ असं ऐकल्याने त्याला वेगळं काही देत नाही. तो आळशी झालाय का?

उत्तर : आळशी नाही, बहुधा भुकेला आहे. या गैरसमजापायी कितीतरी सकर उपासमारीने मरतात आणि मला ते फार लागतं. तो काचेला चिकटला की पोट नीट बघा. खपाटीला गेलं असेल, डोळे खोल दिसत असतील, तर आज रात्रीच खायला घाला. काकडीची जाड चकती उकळत्या पाण्यात दोनेक मिनिटं ठेवून गार करा, स्टीलच्या काट्याला टोचून तळाशी सोडा. दिवा बंद केल्यावरच, कारण हा निशाचर मासा आहे. दिवसा दडून बसणं हा त्याचा स्वभाव. उरलेली काकडी सकाळी काढून टाका, नाहीतर पाणी नासतं. एरवी तळाशी बुडणाऱ्या शेवाळाच्या वड्या द्या. ड्रिफ्टवूडचा, म्हणजे टाकीत ठेवायच्या लाकडाचा, तुकडाही ठेवा, सकर तो खरवडत राहतात.

ते हिरवे ठिपके त्याच्या आवाक्यातले नाहीत. ते इतके कडक असतात की पातं घेऊन आपणच खरवडावे लागतात. दिवा सहा ते आठ तासच लावा, टाकीवर थेट ऊन येऊ देऊ नका, आठवड्याला पाव भाग पाणी बदला. शेवाळ आटोक्यात येतं ते यानेच.

आता जरा कठीण बोलते. त्याचा पाठीवरचा पर शिडासारखा मोठा, दहा किंवा जास्त काट्यांचा असेल, तर तो साधा सकर आहे. फूटभर, कधी त्याहूनही मोठा होतो. ६० लिटरमध्ये त्याचा निभाव लागणार नाही. मोठी टाकी असलेल्या कुणाला तरी द्या. नदी-तळ्यात मात्र मुळीच सोडू नका, तिथे तो स्थानिक माशांच्या मुळावर उठतो. पुढे सकरच हवा असेल तर ब्रिसलनोज ही त्याची लहान जात बघा, चार-पाच इंचांवर थांबतो. तुमच्या टाकीला तोही जरा मोठाच.

प्रश्न : सोनेरी रंगाचा ‘शेवाळखाऊ’ मासा एंजल माशाच्या अंगाला चिकटतो. काय करावं?

उत्तर : वर्णनावरून हा चायनीज अल्गी ईटर दिसतो. वाढला की शेवाळ सोडून चपट्या, संथ माशांच्या अंगावरचा बुळबुळीत थर ओरबाडतो, आणि त्या जखमांत संसर्ग होतो. समजावून सुधारणारी ही खोड नाही. त्याला आजच वेगळ्या टाकीत हलवा.