बाबा मला आखणी शिकवत नाहीत

माई,
मी २७ वर्षांची. वेंगुर्ले तालुक्यातल्या गावात राहते आणि पुण्याच्या कंपनीचं काम घरून करते. आमची गणपतीची शाळा, म्हणजे मूर्ती घडवायची जागा, आजोबांपासूनची; मूर्तीसाठी साठ घरांचे पाट येतात. आमच्याच मळ्यातली माती, बाबा सगळं हातानं करतात. दादाला त्यांनी लहानपणीच शिकवलं, पण तो मुंबईला गेला. आता बाबा ६८ वर्षांचे आहेत. दादा म्हणतो, यापुढे पेणहून तयार मूर्ती आणू आणि फक्त रंगवून देऊ. मला शिकायचंय, तर बाबा ‘तुका जमाचा नाय’ म्हणून विषय संपवतात. गेल्या वर्षी मी त्यांचं काम फोनवर टिपत होते. सोंड, हात, बैठक करताना काही बोलले नाहीत, आखणीला, म्हणजे डोळे रेखायला, बसले तेव्हा मात्र ओरडले आणि फोन बंद करायला लावला. मग आजोबांच्या चेहऱ्याच्या साच्याचे चहूबाजूंनी फोटो काढून मी संगणकावर त्याची आकृती केली, ती फिरवून दाखवली. ‘ह्येच्यात माती खंय आसा?’ म्हणाले आणि उठून गेले. मी मुलगी म्हणून नाकारतात का? नोकरी सोडून पूर्णवेळ बसले तर शिकवतील का?

बाय,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्या दोन वेळा मलाही वाटलं की मुलगी आहेस म्हणूनच असणार. ती शंका मी पुसून टाकत नाही. दादाला न मागता मिळालं आणि तुला मागून मिळत नाही, हे दुखणारच. पण पेण-हमरापूरच्या कारखान्यांत कितीतरी बायका मूर्तिकाम करतात, हे बाबांना ठाऊक नसेल असं नाही. तिसऱ्यांदा वाचताना मी एका ओळीवर थांबले. सोंड करताना फोन चालला, बैठक करताना चालला, आखणीला चालला नाही.

असं का झालं असेल? सोंड चुकली तर ओली माती पुन्हा चढवता येते. डोळ्याची रेघ एकदाच यायची असते. रंग पुरा झालेला असतो, चतुर्थी दारात असते, श्वास रोखून बारीक कुंचला भुवईवरून न्यायचा असतो. ६८ वर्षांच्या माणसाचा हात तिथे थरथरत असेल आणि ते फक्त त्यांनाच ठाऊक असेल. तू फोन समोर धरलास तेव्हा ती थरथर कायमची टिपली जाणार होती. तू कला जपायला गेलीस, त्यांना वाटलं असणार की पोरीनं माझा हात पाहिला. हा माझा अंदाज आहे, पण तुझ्याच पत्रातून निघालेला.

म्हणून सगळ्यात आधी हे कर. ते चहाची कपबशी उचलतात तेव्हा हात हलतो का, आणि मांडीवर स्वस्थ ठेवलेला असतानाही हलतो का, हे त्यांना न कळू देता बघ. दोन्हींची कारणं निराळी असू शकतात, आणि डॉक्टर तेच आधी विचारतील. हात हलत असेल तर त्यांना डॉक्टरांकडे ने. कंपाच्या काही प्रकारांवर औषधाचा चांगला उपयोग होतो. दादाला हे एकट्याला सांग, त्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नको.

आता शिकण्याचं. माझी आई उकडीचे मोदक करायची. लग्नानंतर मी वही घेऊन तिच्याशेजारी बसले. पाणी किती, पिठी किती, कळ्या किती बोटांनी काढायच्या? तिला एकाही प्रश्नाचं उत्तर देता येईना. शेवटी चिडून म्हणाली, ऊठ इथून. पुढच्या वर्षी मी वही न घेता गेले आणि उकड माझी मीच काढली. पाणी कमी पडलं. आई लांबूनच म्हणाली, ‘कोरडी झाली. आता तळहाताला तूप-पाणी लाव, आणि मळताना हात असा फिरव.’ त्या एका दुपारी ती जेवढं बोलली, तेवढं आदल्या सबंध वर्षात बोलली नव्हती. हातानं येणाऱ्या माणसाला ‘कसं करता?’ विचारलं की तो गप्प होतो. समोर चुकीचं होताना दिसलं की मात्र त्याला राहवत नाही.

तेव्हा फोन त्यांच्या हातांवरून काढ आणि स्वतःच्या हातांवर लाव. फळीवर उभा कर, मातीचा गोळा घे, सोंड वळ. संध्याकाळी त्यांना दाखव आणि एवढंच विचार, ‘बाबा, ही इथे का चिरते?’ ते काय म्हणतात ते रेकॉर्ड कर, फक्त आवाज, आणि आधी विचारून. साठ वर्षांत सुचलेल्या गोष्टी अशाच बाहेर येतील. कापूस किती कुटून घालायचा, पावसाळी हवेत मूर्ती वरून सुकली तरी आत ओली कशी राहते, कोणत्या घराला गणपती किंचित मान वळवलेला लागतो. यातलं काही तुझ्या त्या फिरत्या आकृतीत येणार नाही. पण आकृती पुसू नकोस. साचा एक दिवस फुटेल, तेव्हा आजोबांनी घडवलेल्या गालाचा उंचवटा तिच्यातच सापडेल. बाबांचा प्रश्न मला फार खरा वाटला. त्यात माती नाही, म्हणून तू माती घेऊन त्यांच्याकडे जा.

नोकरी सोडू नकोस. शाळेचं काम वर्षभराचं नाही, आणि तुझ्या पगारातून शाळेचा पत्रा आणि रंग येणार असेल तर दादाला पेणच्या मूर्तींचं कारण उरत नाही. पेणच्या मूर्तींबद्दल मला राग नाही. तिथल्या कारागिरीला भौगोलिक मानांकन उगीच मिळालेलं नाही. पण तुमच्या मळ्यातली माती साठ घरांत जाते, व्हाळात, म्हणजे ओढ्यात, विरघळते, आणि विसर्जनाहून परतताना पाटावरून तिथली मूठभर वाळू घरात येते. हे ज्या गावात अजून चालतं, तिथे ते थांबवायला दादाला घाई कसली? यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळे चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे, गेल्या वर्षी ती २७ ऑगस्टला होती. म्हणजे १८ दिवस जास्त मिळताहेत. रजा आतापासून साठव आणि शेवटच्या तीन आठवड्यांत लाव.

आखणी मात्र यंदा मागू नकोस. सोंडसुद्धा गणपतीला लावायची म्हणून नव्हे, हात बसावा म्हणून वळ. मागायचाच तर उंदीर माग. प्रत्येक पाटावर एक असतो, साठ पाटांचे साठ. बाबांचा वेळ वाचेल, आणि नवख्या हातानं कान थोडा वाकडा झाला तरी कुणी यजमान भांडायला येणार नाही. उंदराचे डोळे म्हणजे दोन ठिपके. ते तूच दे. बाबा शेजारी मोठ्या डोळ्यांशी बसलेले असतील. एखाद्या रात्री रेघ हलली तर त्यांचा कुंचला कुणाकडे द्यायचा, हे त्यांना शोधत बसावं लागू नये. पण तो त्यांनी द्यायचा आहे, तू हात पुढे करायचा नाहीस.

आणि सुरुवात उद्याच करायची आहे, कारण मृग ८ जूनच्या आसपास लागतो आणि एकदा मळा भिजला की माती हाताला लागत नाही. कुठल्या कोपऱ्यातली घ्यायची, किती खाली खणायचं, हे दादाला कधी सांगितलं होतं का, माहीत नाही. तू घमेलं आणि कुदळ घेऊन सकाळी बाबांच्या मागे चाल. त्या दिवशी फोन घरी ठेव.

साठ उंदीर झाले की मला पुन्हा लिही.

तुझी,
माई