खासगी विमानांच्या बहुउद्देशीय टर्मिनलचं डिझाइन कुठून सुरू करायचं?

बी.आर्क.च्या थिसिससाठी तुम्ही हा विषय घेतलाय आणि गाईड म्हणतात, ‘दहा माणसांसाठी एवढी इमारत कशाला?’ गाईडचं बरोबर आहे. आमच्या ऑफिसात असं एक छोटं टर्मिनल झालं होतं, त्यावरून सांगतो.

लाउंजचे थ्रीडी आत्ता काढत बसू नका. आधी एप्रन, म्हणजे विमानं उभी राहतात ती जागा, कागदावर मांडा. गल्फस्ट्रीम जी ६५० या मोठ्या खासगी जेटचे पंख टोकापासून टोकापर्यंत ३० मीटरच्या थोडे वर जातात, शेपटी ८ मीटरच्या आसपास. किंग एअर बी २०० या छोट्या पंख्याच्या विमानाचे पंख साडेसोळा मीटरच्या जरासे वर. कोणती विमानं, एका वेळी किती, हे ठरलं की हँगरचं, म्हणजे विमान ठेवायच्या शेडचं, दार आणि इमारतीची जागा बरीचशी तिथूनच ठरते.

गाईडच्या प्रश्नाला कोचीचं उदाहरण द्या. तिथलं बिझनेस जेट टर्मिनल डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झालं. सुमारे ४०,००० चौरस फूट, पण नवी इमारत नाही. देशांतर्गत प्रवासी दुसरीकडे हलल्यावर रिकामं झालेलं जुनं टर्मिनल वापरलंय. पाच लाउंज, शिवाय इमिग्रेशन, कस्टम्स, सुरक्षा तपासणी सगळं आतच. गाडीतून उतरून दोन मिनिटांत विमानाशी, असा त्यांचा दावा. थोडक्यात, इथे चालायचं अंतर कमी करणं हेच खरं डिझाइन.

‘बहुउद्देशीय’ म्हणून बँक्वेट हॉल टाकू नका (सगळे टाकतात). एकाच दिवशी सकाळी उद्योगपती, दुपारी स्ट्रेचरवरचा पेशंट, संध्याकाळी लग्नाचं वऱ्हाड येऊ शकतं. म्हणून एका मोठ्या हॉलऐवजी चार-पाच मध्यम खोल्या ठेवा, मधली पार्टिशन सरकणारी. पेशंटची वाट वेगळी, बिनपायरीची, आणि स्ट्रेचर धरून दोन माणसं वळतील एवढी रुंद. वळण कागदावर नेहमी पुरेसं दिसतं; आम्ही जमिनीवर खडूने आखून, टेबल उचलून वळवून पाहिलं, तेव्हा कोपरा कापावा लागला.

वैमानिकांना अंधार करता येईल अशी झोपायची खोली द्या, एप्रनपासून लांबच्या बाजूला. जेट उभं असतानाही बरेचदा त्याच्या शेपटीतलं छोटं इंजिन चालू असतं, त्याचा आवाज साध्या काचेला जुमानत नाही.

आमची एक चूक मात्र करू नका. पोर्चला इटालियन मार्बल लावला आणि ड्रायव्हर लोकांचा विचारच केला नाही. विमान चार तास लेट झालं त्या दिवशी वीसेक ड्रायव्हर त्याच मार्बलवर बसून डबे खात होते, आणि टॉयलेट कुठे म्हणून सिक्युरिटीवाल्याशी भांडत होते. नंतर जनरेटर रूमला चिकटून दोन टॉयलेट आणि पंख्याची एक खोली काढली. प्लॅनमध्ये ती आजही ठिगळासारखी दिसते.